दिव्यांगांसाठी समुद्रसफरीची धर्मादाय बोट : खर्च, धक्का आणि सुकाणू

सोलेंटकाठ (धागाकर्ता)

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, साउदॅम्प्टन आणि पोर्ट्समथच्या परिसरात, व्हीलचेअर वापरणाऱ्यांना, दृष्टिहीनांना, स्वमग्न मुलांना आणि दीर्घ आजारामुळे घरात अडकून पडलेल्यांना समुद्रावर नेणाऱ्या धर्मादाय बोटी अनेक वर्षांपासून चालतात. त्यांपैकी एका छोट्या संस्थेत मी सुट्टीच्या दिवशी खलाशाचे काम विनामोबदला करतो. अलिबागच्या एका स्नेह्यांनी ‘आपल्याकडे असे काही सुरू करायचे तर बोटीला किती खर्च येईल?’ असे विचारले. त्यांना लिहिलेले उत्तर लांबत गेले, म्हणून ते येथे मांडतो. बोट मिळवणे हे या कामातले त्यातल्या त्यात सोपे काम आहे. खरे अवघड प्रश्न दोन आहेत : माणूस धक्क्यावरून बोटीत कसा जाणार, आणि बोट दहाव्या वर्षी कोणाच्या पैशावर चालणार.

दुसऱ्या प्रश्नाचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे जुबिली सेलिंग ट्रस्ट. ख्रिस्तोफर रड या शिक्षकाने १९७८ मध्ये, राणी एलिझाबेथ यांच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवी निधीतून मिळालेल्या पन्नास हजार पौंडांच्या आधारावर, ही संस्था सुरू केली. अपंग आणि धडधाकट माणसांनी बरोबरीने शिडाचे मोठे जहाज चालवावे, हा त्यामागचा विचार होता. त्यासाठी ‘लॉर्ड नेल्सन’ हे तीन डोलकाठ्यांचे जहाज मुद्दाम बांधून घेण्यात आले आणि १९८६ पासून ते सफरींवर जाऊ लागले. दोन मजल्यांमध्ये व्हीलचेअरसाठी लिफ्ट, दृष्टिहीन सुकाणूधारकासाठी बोलणारे होकायंत्र, हाताने चाचपून दिशा कळावी अशा खुणा, आणि जहाजाच्या नाळेपुढच्या (नाळ म्हणजे पुढचे टोक) काठीवरही व्हीलचेअर नेता यावी इतकी रुंद, सपाट वाट अशी त्याची रचना होती. व्हीलचेअरसह माणसाला दोरखंडांनी डोलकाठीवर चढवण्याची सोयसुद्धा होती आणि ती प्रत्यक्षात वापरली जात असे. २००० साली स्वयंसेवकांच्या हातभाराने बांधलेले ‘टेनेशियस’ हे दुसरे, लाकडी जहाज आले. २०१२ ते २०१४ या काळात ‘लॉर्ड नेल्सन’ने पृथ्वीप्रदक्षिणाही केली.

इतके असूनही २०१९ मध्ये संस्थेवर आठवड्याभरात दहा लाख पौंड उभे करण्याचे जाहीर आवाहन करण्याची पाळी आली. लोकांनी ती रक्कम दिली. तरीही त्याच वर्षी ‘लॉर्ड नेल्सन’ निवृत्त करावे लागले, पाठोपाठ करोनाने सफरी थांबल्या आणि डिसेंबर २०२३ मध्ये संस्थेने कामकाज बंद केले. लोकांची आस्था कमी पडली, असे कोणी म्हणू शकणार नाही. मोठ्या जहाजाला पगारी अधिकारी लागतात, ठरावीक काळाने गोदीत नेऊन तळाची तपासणी करावी लागते, विमा लागतो आणि बंदराचे भाडे लागते. हा सगळा खर्च जहाज नुसते उभे असले तरी चालूच राहतो.

दुसरा मार्ग वेटव्हील्स या संस्थेचा. तिचे संस्थापक जेफ होल्ट १९८४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर उथळ पाण्यात सूर मारताना मान दुखावून कायमचे व्हीलचेअरवर आले. २००७ मध्ये त्यांनी छोट्या शिडाच्या नावेतून ब्रिटनची प्रदक्षिणा केली, तिला १०९ दिवस लागले. पुढे अटलांटिक ओलांडून ते जानेवारी २०१० मध्ये, जेथे अपघात झाला होता त्याच किनाऱ्यावर पोहोचले. २०११ मध्ये त्यांनी पोर्ट्समथला पहिली बोट सुरू केली. ती शिडाची नाही, इंजिनची आहे. दोन तळांची (कॅटमरान) असल्यामुळे ती कमी डोलते, डेक रुंद आणि एकाच पातळीत आहे, व्हीलचेअर थेट आत जाते आणि सुकाणूपर्यंतही पोहोचते. दिवसभर छोट्या छोट्या फेऱ्या आणि संध्याकाळी बोट परत धक्क्यावर, असा हा क्रम आहे. पुढे याच नमुन्याच्या बोटी इतर बंदरांतही आल्या. मोठे जहाज बंद पडले आणि छोट्या बोटी टिकल्या, यात मला योगायोग वाटत नाही.

आता पहिला प्रश्न, धक्क्याचा. आमच्याकडे बोट तरंगत्या धक्क्याला लागते आणि किनाऱ्यावरून त्या धक्क्यावर उतरायला बिजागरीचा लोखंडी पूल असतो. भरतीला हा पूल जवळजवळ आडवा असतो, ओहोटीला तो खाली झुकतो. व्हीलचेअरच्या उतारासाठी इमारतींमध्ये साधारण बारास एक हे प्रमाण धरतात. पाणी चार मीटर उतरत असेल, तर त्या प्रमाणासाठी पूल ४८ मीटर लांब हवा, आणि असे पूल आमच्या भागात फार थोडे आहेत. त्यामुळे आमच्या फेऱ्यांच्या वेळा पाहुण्यांच्या सोयीने ठरत नाहीत, भरती-ओहोटीच्या कोष्टकाने ठरतात. साउदॅम्प्टनला निसर्गाने एक सवलत दिली आहे : येथे भरती दोनदा माथ्यावर येते आणि पाणी दोन तासांच्या आसपास वरच राहते. मुंबईला ही सवलत नाही आणि उधाणाला तेथे पाणी पाच मीटरच्या जवळपास चढते-उतरते. कोकण किनाऱ्याची माहिती असलेल्यांनी यावर जरूर लिहावे.

चाकावरून

लेख आवडला, पण माझा प्रश्न खर्चाचा नाही. मी ठाण्यात राहतो आणि मणक्याच्या दुखापतीमुळे व्हीलचेअर वापरतो. काही वर्षांपूर्वी कुटुंबासह लाँचने गेलो होतो, तेव्हा दगडी पायऱ्यांवरून चौघांनी उचलून मला आत नेले. ती माणसे चांगली होती, त्यांनी पैसेही घेतले नाहीत. मात्र ‘यांना कुठे बसवायचे?’ हे त्यांनी माझ्या भावाला विचारले, मी समोर असताना. तुमच्या बोटीवर येणाऱ्या माणसाने काय करायचे असते? खिडकीशी बसून पाणी पाहायचे आणि शेवटी आभार मानायचे, एवढेच असेल तर मला त्या सफरीचे आकर्षण नाही.

सोलेंटकाठ

आपला प्रश्न माझ्या लेखात पहिल्याच परिच्छेदात यायला हवा इतका महत्त्वाचा आहे. आमच्याकडे ज्याला हवे त्याला सुकाणू हातात मिळते. बंदरातून बाहेर पडल्यावर नाखवा बाजूला उभा राहतो, वेगाचा दांडा स्वतःकडे ठेवतो आणि सुकाणू पाहुण्याकडे देतो. दिशा कशी धरायची, समोरून येणाऱ्या जहाजाला कोणत्या बाजूने वाट द्यायची, फेरी बोटीने उठवलेली लाट तिरपी कशी घ्यायची हे तो शांतपणे सांगत राहतो. हात चालत नसतील तर हनुवटीने किंवा मनगटाने सुकाणू ढकलणारे लोकही मी पाहिले आहेत. दृष्टिहीन व्यक्तीला गालावरचा वारा आणि नाखव्याने सांगितलेले अंश पुरतात. बऱ्याचदा तिचा हात डोळस नवशिक्यापेक्षा अधिक स्थिर असतो, कारण तिला समोरचे दृश्य पाहण्याचा मोह नसतो.

जुबिलीच्या जहाजांवर याहून पुढची शिस्त होती. तेथे कोणी प्रवासी नसे, सगळेच चालक दलाचे सदस्य असत. एका अपंग सदस्याबरोबर एक धडधाकट सदस्य अशी जोडी लावली जाई आणि पहाऱ्याची पाळी, स्वयंपाकघरातले काम, दोर ओढणे हे सर्वांच्या वाट्याला येई.

या संदर्भात एक नाव मुंबईशी जोडलेले आहे. हिलरी लिस्टर यांना मानेखाली हालचाल करता येत नव्हती. तोंडात धरलेल्या नळ्यांमध्ये फुंकर मारून आणि श्वास ओढून त्या शीड आणि सुकाणू चालवत. २००५ मध्ये त्यांनी अशा रीतीने एकट्याने इंग्लिश खाडी ओलांडली आणि २००९ मध्ये ब्रिटनची प्रदक्षिणा पूर्ण केली. २०१४ मध्ये ओमानच्या नश्वा अल किंदी यांच्यासह त्या मुंबईहून निघून शिडाच्या छोट्या बोटीने मस्कतला पोहोचल्या. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. आपल्या बंदरातून निघालेल्या या सफरीची आपल्याकडे फारशी चर्चा झालेली माझ्या वाचनात नाही.

आणि ‘कुठे बसवायचे’ याबद्दल : नव्या स्वयंसेवकाला आम्ही दोर बांधायला शिकवण्याच्या आधी एक नियम सांगतो. जो प्रश्न ज्याचा आहे तो त्यालाच विचारायचा, आणि व्हीलचेअरला मालकाच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही.

चाकावरून

मग मी येईन. नळ्यांवर सुकाणू चालत असेल, तर माझ्याकडे अजून दोन हात आहेत.

दाभोळखाडी

आमच्या घरात तीन पिढ्या तांडेल झाले; मी स्वतः नोकरीत असलो तरी सुट्टीत मचव्यावर असतो. धागाकर्त्यांनी तरंगत्या धक्क्याचे गणित बरोबर मांडले आहे, पण कोकणासाठी तोच मार्ग धरायला हवा असे मला वाटत नाही. तरंगता धक्का पावसाळ्यात सांभाळणे कठीण, साखळ्या आणि बिजागऱ्या गंजणार, आणि खाडीच्या मुखाशी गाळ साचून ओहोटीला तो चिखलात टेकणार.

आपल्याकडे जी गोष्ट आधीच आहे तिच्याकडे कोणी या नजरेने पाहिलेले नाही. दाभोळ–धोपावे, वेसवी–बागमांडला, जयगड–तवसाळ, दिघी–आगरदांडा या मार्गांवर मोटारी नेणाऱ्या फेरीबोटी चालतात. त्यांना धक्का लागतच नाही. काँक्रीटच्या उतारावर बोट नाळ टेकवते, पुढची फळी खाली पडते आणि गाड्या चढतात. पाणी जसे उतरते तशी बोट त्याच उतारावर खाली टेकते. म्हणजे व्हीलचेअर आजही या बोटींवर कोणाच्या खांद्याशिवाय जाऊ शकते, आणि मी आजारी माणसांना गाडीतूनच पलीकडे नेताना नेहमी पाहतो. भाऊचा धक्का ते मांडवा ही मोठी रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली, तिच्यातही गाड्या थेट बोटीत चढतात.

अडचण उताराची आहे. हे उतार गाड्यांसाठी बांधलेले असल्यामुळे बारास एकपेक्षा खडे असतात. शिवाय सुकती (ओहोटी) लागल्यावर जो खालचा भाग उघडा पडतो, त्यावर शेवाळ असते आणि तेथे धडधाकट माणूसही घसरतो. म्हणून अर्ध्या भरतीपासून वरच्या पाण्यातच चढउतार करावी लागेल. पण एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. मुंबईकडून दक्षिणेला येत जावे तसा भरती-ओहोटीतला फरक कमी होत जातो. दाभोळला तो मुंबईपेक्षा बराच कमी आहे, त्यामुळे सोयीचे तास जास्त मिळतील.

हंगामाचेही बोलले पाहिजे. मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. गेट वे–मांडवा लाँच मे संपताना बंद होतात त्या थेट ऑगस्ट संपल्यावर सुरू होतात. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला तरी समुद्र लगेच निवत नाही. ऑक्टोबर ते मार्च हे महिने निर्धास्त. एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर वारा चढतो, तेव्हा सकाळीच फेऱ्या कराव्यात आणि खाडीच्या तोंडाबाहेर जाऊ नये. माझ्या मते सुरुवात खाडीतच करावी. वाशिष्ठी खाडीत मगरी पाहायला पर्यटक येतात, पक्षी आहेत, कांदळवन आहे. उघड्या समुद्राचा हट्ट पहिल्या वर्षी कशाला?

रोखठोक

विषय चांगला आहे, पण प्राधान्यक्रम चुकीचा वाटतो. ज्या राज्यात तालुक्याच्या कचेरीला धड रॅम्प नाही, एसटीच्या पायरीवर वृद्धांनाही चढता येत नाही, तेथे दिव्यांगांसाठी बोट हा श्रीमंत देशाचा छंद आयात करण्यासारखे आहे. तोच पैसा शाळेतल्या स्वच्छतागृहांवर खर्च का करू नये?

चाकावरून

रोखठोक, रॅम्प हा माझा हक्क आहे आणि तो सरकारने करायचा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ सालचा आहे. त्यात बस थांबे, रेल्वे स्थानके आणि विमानतळ यांचा नावाने उल्लेख आहे आणि त्यापुढे सर्व प्रकारची वाहतूक सुगम असावी असेही म्हटले आहे. सर्व प्रकारांत लाँचही येते. त्यामुळे ‘आधी कचेरी, मग बोट’ अशी रांग कायद्याने लावलेली नाही, ती आपण लावतो. आपण स्वतः सुट्टीत अलिबागला जाता, तेव्हा आधी राज्यातील सर्व शाळांची स्वच्छतागृहे पूर्ण होण्याची वाट पाहता का? मला कचेरीत जायला मिळाले म्हणजे माझ्या सर्व इच्छा संपल्या, असे का समजावे?

रोखठोक

मुद्दा मान्य आहे. तरीही देणगी मर्यादित असते, एवढेच माझे म्हणणे राहील.

हिशेबनीस

देणगी मर्यादित असते हे खरे आहे, आणि म्हणूनच ती कोणत्या प्रकारची आहे हे पाहिले पाहिजे. मी सनदी लेखापाल आहे आणि काही विश्वस्त संस्थांचे लेखापरीक्षण करतो. आपल्याकडे वस्तूसाठी पैसा सहज मिळतो, वस्तू चालवण्यासाठी मिळत नाही. रुग्णवाहिका देणगीत मिळते, तिच्या बाजूवर दात्याचे नाव रंगवले जाते आणि तिसऱ्या वर्षी चालकाचा पगार नाही म्हणून ती आवारात उभी राहते. बोटीचेही तसेच होईल, फक्त खाऱ्या पाण्यामुळे लवकर होईल.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा निधी (कंपनी कायदा २०१३, कलम १३५) याला साधारणपणे उपयोगी पडू शकतो, पण त्यात दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर अशा निधीतून घेतलेली भांडवली मालमत्ता कंपनीला स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही. ती नोंदणीकृत सार्वजनिक न्यास, सोसायटी, कलम ८ (ना-नफा) कंपनी, लाभार्थ्यांचा गट किंवा सार्वजनिक प्राधिकरण यांच्या नावावर हवी, आणि न्यास, सोसायटी किंवा कंपनी असेल तर तिच्याकडे सामाजिक दायित्वाचा नोंदणी क्रमांक हवा. दुसरे, चालू प्रकल्पाची मुदत सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षे धरली जाते. त्यानंतर कंपनी पुढे येईलच असे गृहीत धरून अंदाजपत्रक करू नये.

किरकोळ दात्यांबाबत इंग्लंडची ‘गिफ्ट एड’ पद्धत मला हेवा वाटावा अशी आहे. करदात्याने एक पौंड दिला की सरकार संस्थेला आणखी पंचवीस पेन्स देते. म्हणजे सवलत संस्थेच्या खात्यात येते. आपल्याकडे देणगीवरची आयकर सवलत (१९६१ च्या कायद्यातले कलम ८०जी) दात्याला मिळते, आणि तीही जुन्या करप्रणालीत राहणाऱ्यालाच. नव्या प्रणालीकडे गेलेले दाते ‘पावती नको, राहू द्या’ म्हणू लागले आहेत आणि हळूहळू देणगीही राहू लागली आहे.

माझी सूचना अशी की बोट विकत घेण्याआधी एक हंगाम भाड्याने घ्यावी. फेरीबोट चालवणाऱ्याशी आठवड्यातील एका सकाळीचा करार करावा, इंधन आणि कर्मचारी त्याचे, माणसे आणि जबाबदारीची व्यवस्था संस्थेची. वर्षअखेर एका माणसामागे किती खर्च आला हे कळेल. तो आकडा हातात असल्याशिवाय मी तरी कोणत्याही विश्वस्ताला बोटीच्या खरेदीवर सही करू देणार नाही.

बंदरकर

हिशेबनीसांच्या मुद्द्याला चेन्नईचे उदाहरण जोडतो. मरीना किनाऱ्यावर व्हीलचेअर लाटांपर्यंत नेणारा लाकडी मार्ग नोव्हेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि डिसेंबरमध्ये मांडूस चक्रीवादळात त्याची मोडतोड झाली. समुद्राजवळ बांधलेली प्रत्येक गोष्ट पुन्हा बांधावी लागणार आहे, असे धरूनच पैसे बाजूला ठेवावेत.

उपचारिका

मी व्यवसायोपचार तज्ज्ञ असून मज्जारज्जूच्या दुखापतीच्या रुग्णांबरोबर काम करते. येथे वैद्यकीय बाजूवर कोणी लिहिलेले नाही म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला इजेच्या खाली नीट घाम येत नाही आणि थंडीत कुडकुडताही येत नाही. इंग्लंडमध्ये त्याचा धोका गारठ्याचा असेल, कोकणात तो उन्हाचा आहे. एप्रिलच्या सकाळी दहा वाजता लोखंडी डेकवर सावली नसेल, तर शेजारचा माणूस केवळ त्रासलेला दिसेल आणि या माणसाचे शरीर मात्र तापत जाईल. म्हणून छत, पाण्याचा फवारा आणि ओले पंचे या गोष्टी बिस्किटांच्या आधी यादीत हव्यात. संवेदना नसलेल्या पायाला तापलेल्या पत्र्याचा चटका बसला तरी कळत नाही, हेही लक्षात ठेवावे. सतत हादरे बसल्याने बैठकीच्या जागी जखम होऊ शकते, त्यामुळे पहिली फेरी तासाभराच्या आतली असावी.

ज्यांना प्रकाशामुळे अपस्माराचा झटका येतो त्यांना पाण्यावर लखलखणाऱ्या उन्हाचाही त्रास होऊ शकतो. नोंदणीच्या अर्जात हा प्रश्न असावा आणि गडद चष्मा व टोपी जवळ ठेवावी.

लाइफ जॅकेटबद्दल मला धागाकर्त्यांकडून माहिती हवी आहे. गेट वेसमोर १८ डिसेंबर २०२४ रोजी झालेल्या ‘नीलकमल’ दुर्घटनेनंतर आपल्याकडे प्रवाशांना जॅकेट सक्तीचे झाले, हे योग्यच झाले. पण लाँचवर दिली जाणारी जाड फोमची जॅकेटे ज्याची मान स्वतः सावरत नाही त्याला घालून पाहिली की हनुवटी वर ढकलली जाते आणि श्वासाला अडथळा येतो. ज्यांच्या गळ्याला श्वासासाठी छिद्र केलेले आहे, त्यांचे काय करता?

सोलेंटकाठ

उपचारिका, आपण लिहिलेले मी आमच्या संस्थेच्या टिपणात घेणार आहे.

जॅकेटची ताकद न्यूटनमध्ये मोजतात. ५० न्यूटनचे साधन पोहता येणाऱ्याला तरंगायला मदत करते, बेशुद्ध माणसाला ते उताणे करू शकत नाही. १०० न्यूटनचे शांत पाण्यासाठी, १५० चे किनाऱ्याबाहेरच्या समुद्रासाठी आणि २७५ चे जड कपडे किंवा साहित्य अंगावर असलेल्यांसाठी मानले जाते. आम्ही बहुधा १५० न्यूटनची, हवा भरून फुगणारी जॅकेटे वापरतो. ती न फुगता सपाट असतात, त्यामुळे मान मोकळी राहते आणि व्हीलचेअरच्या पाठीशी अडत नाहीत. मांड्यांमधून जाणारा पट्टा मात्र घातलाच पाहिजे, नाहीतर पाण्यात जॅकेट वर सरकते आणि माणूस त्यातून खाली निसटतो. गळ्याला छिद्र असलेल्यांच्या बाबतीत जॅकेट फुगल्यावर नेमके कोठे दाबेल, हे किनाऱ्यावर फुगवून पाहतो, त्यांच्या नेहमीच्या काळजीवाहकाचे ऐकतो आणि शंका राहिली तर त्या दिवशी बंदराच्या आतच फिरतो. पोटात नळी बसवलेल्यांसाठी पट्ट्याची जागा बदलावी लागते.

दुसरी गोष्ट आपण विचारलेली नाही, पण तिच्यावर वाद होतो. व्हीलचेअर डेकला चार पट्ट्यांनी बांधतो. माणसाला व्हीलचेअरला घट्ट बांधून ठेवत नाही. विजेवर चालणाऱ्या खुर्चीचे वजन शंभर किलोच्या वर सहज जाते आणि कोणतेही जॅकेट त्या वजनासह माणसाला वर आणू शकत नाही. बसण्याचा तोल राहावा म्हणून कमरेला पट्टा आवश्यक असेल, तर तो एका झटक्यात सुटणाराच हवा, आणि तो सोडायची जबाबदारी कोणाची हे निघण्याआधी नावाने ठरलेले हवे. माणूस पाण्यात पडला तर त्याला शक्यतो आडवा ठेवून वर घेतो. थंड पाण्यातून उभा खेचल्यास रक्तदाब एकाएकी कोसळू शकतो. त्यासाठी जाळीचा पाळणा बोटीच्या कडेला तयार असतो आणि हंगामाच्या सुरुवातीला पुतळ्यावर त्याचा सराव होतो.

प्रवाशांच्या संख्येबद्दल एक उपयोगी मर्यादा आहे. बारापेक्षा जास्त प्रवासी घेतले की जहाज ‘प्रवासी जहाज’ ठरते आणि नियम एकदम कडक होतात. ही बाराची रेषा ब्रिटनमध्ये आहे आणि भारताच्या १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्यातही होती. येथील बहुतेक धर्मादाय बोटी मुद्दाम या रेषेच्या आत राहतात. खाडीतल्या फेरीबोटीला अर्थातच वेगळे नियम आणि महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी लागेल. ती बोटमालकाकडे आधीच असते, हा हिशेबनीसांच्या भाडेकराराचा आणखी एक फायदा.

मुक्ताची आई

माझी मुलगी स्वमग्न आहे, चौदा वर्षांची. तिला पाणी अतिशय आवडते आणि इंजिनचा आवाज अजिबात सहन होत नाही. अशा मुलांना आपण नेता का? आणि स्वच्छतागृहाचे काय? मोठ्या मुलीला कपडे बदलायला जागा नाही म्हणून आम्ही तीन तासांपेक्षा लांबचा कोणताही कार्यक्रम ठरवत नाही.

सोलेंटकाठ

अशी मुले मोठ्या संख्येने येतात. त्यांच्यासाठी वेगळी फेरी ठेवतो, एकाच कुटुंबाची. बोट आणि धक्का यांची छायाचित्रे आधी पाठवतो, कानावर लावायचे आवाजरोधक साधन देतो आणि पहिल्यांदा बोट बांधलेली असतानाच चढून उतरायला सांगतो. कित्येक मुले पहिल्या दिवशी तेवढेच करतात आणि ती फेरी झाली असेच आम्ही धरतो. मुक्ताला कदाचित शिडाची किंवा वल्ह्याची होडी जास्त मानवेल.

स्वच्छतागृह हा छोट्या बोटींचा कच्चा दुवा आहे. प्रौढ माणसाला आडवे करून कपडे बदलता येतील इतकी जागा बोटीवर निघत नाही. ब्रिटनमध्ये २००६ पासून सार्वजनिक ठिकाणी उचलयंत्र आणि बाक असलेली मोठी स्वच्छतागृहे उभी राहू लागली आहेत. आमची फेरी अशा जागेपासून जवळच्या धक्क्यावरून निघते आणि दीड तासात परत येते. दीड तास ही मर्यादा समुद्राने घातलेली नाही.

उपचारिका

दापोली किंवा गुहागरच्या बाजूला तशी जागा नसेल, तर शाळेची किंवा ग्रामीण रुग्णालयाची एक खोली त्या सकाळपुरती मिळवावी. उंची कमी-जास्त होणारा तपासणीचा बाक आणि पडदा एवढ्यावर निभावते. बोटीपेक्षा हे काम स्वस्त आहे.

दाभोळखाडी

येथपर्यंत वाचून मी फेरीबोटीवरच्या ओळखीच्या माणसांशी बोललो. हंगामात मंगळवारी सकाळी गर्दी कमी असते आणि एक तास खाडीत फिरवायला त्यांची तत्त्वतः हरकत नाही, मात्र लेखी कराराशिवाय आणि विम्याचा प्रश्न सुटल्याशिवाय ते पुढे येणार नाहीत. त्यांचे बरोबरच आहे. त्यांनी विचारलेला प्रश्न असा : पुढच्या फळीचे टोक आणि काँक्रीट यांच्यात जी चार बोटांची पायरी राहते, तिच्यावरून व्हीलचेअरची पुढची छोटी चाके जातील का?

चाकावरून

माझी जाणार नाहीत. मागे वळवून, मोठी चाके आधी चढवली तर जाईल, पण मग मी पाठमोरा चढणार. विजेची खुर्ची तर अडकेलच. रबराची किंवा ॲल्युमिनियमची पाचर करून घ्या, ती कोणत्याही वर्कशॉपमध्ये होते. पाचरीची रुंदी निदान तीन फूट हवी आणि दोन्ही कडांना उभी पट्टी हवी.

सोलेंटकाठ

पाचर करण्यापूर्वी उतार मोजावा. मोबाइलमध्ये पातळी दाखवणारी सोय असते. सरळ फळी उतारावर ठेवून तिच्यावर मोबाइल ठेवला की अंश मिळतात. बारास एक म्हणजे जेमतेम पाच अंश. सात अंशांपर्यंत मागे एक धडधाकट माणूस असेल तर आम्ही हाताने चालणारी खुर्ची नेतो. त्यापुढे दोर आणि दोन माणसे लागतात आणि विजेच्या खुर्चीसाठी तिच्या उत्पादकाने दिलेली मर्यादा पाहावी लागते. मोजमाप वरच्या, मधल्या आणि शेवाळाच्या सुरुवातीच्या अशा तीन ठिकाणी घ्यावे, दोन्ही काठांवर, कारण दाभोळचा उतार आणि धोपाव्याचा उतार सारखा असेलच असे नाही.

हिशेबनीस

विम्याचे मी पाहतो. फेरीबोटीच्या सध्याच्या पॉलिसीत खास फेऱ्या समाविष्ट होतात की वेगळी पुरवणी जोडावी लागते, हे पॉलिसीची प्रत मिळाल्याशिवाय सांगता येणार नाही. मालकांची परवानगी घेऊन ती मला व्यक्तिगत निरोपाने पाठवा.

दाभोळखाडी

पॉलिसीची प्रत मागतो. उतार येत्या अष्टमीला मोजेन; त्या दिवशी भांग (कमी फरकाची भरती-ओहोटी) असल्यामुळे पाणी फार खाली जात नाही आणि गाड्यांची ये-जा न थांबवता मधल्या पट्ट्यापर्यंत काम होईल. शेवाळाचा पट्टा अमावास्येच्या सुकतीला वेगळा मोजावा लागेल. दोन्ही काठांचे आकडे आणि फळीजवळच्या पायरीचे छायाचित्र येथेच टाकतो, म्हणजे चाकावरून यांना पाचरीचे माप काढता येईल.